फर्गल गाडीखाली काय बघायचा

रोज सकाळी साडेसहाला फर्गल मॅकार्डल आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गुडघे टेकायचा. साठीचा, अंगाने थोराड, उन्हाने मान कायमची लाल झालेला आयरिश माणूस. पिशवीतून खोक्याचा एक चौकोनी पुठ्ठा काढायचा, जमिनीवर टाकायचा, आधी एक गुडघा मग दुसरा, मग तळहात, आणि गाल जवळजवळ काँक्रीटला लावून आपल्या पांढऱ्या गाडीखाली बघायचा. पुढून, मागून, मग दुसऱ्या बाजूने. मग उठायचा, गुडघे झटकायचा, पुठ्ठा पिशवीत टाकायचा आणि निघून जायचा.

मी तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चहा पीत हे बघत असे. दोन वर्षं बघत होतो.

“अहो, तेल गळत असेल गाडीतून,” बायको म्हणायची.

“दोन वर्षं?”

“मग विचारा ना त्याला. एकाच ऑफिसात आहात.”

मी विचारलं नाही. मी फक्त बघत राहिलो, आणि बघून बघून मनाशी एक गोष्ट रचत गेलो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला लपायला जागा राहणार नाही. फर्गलला बहरीन सोडावं लागलं ते माझ्यामुळे. मी खोटं काही बोललो नाही. मला एक प्रश्न विचारला गेला आणि मी त्याचं उत्तर दिलं, इतकंच. हे ‘इतकंच’ गेले दहा महिने माझ्या घशात अडकलेलं आहे.

मीना सलमान बंदरावर आमच्या कंपनीचं वर्कशॉप आहे. जहाजांवर आणि गोदीत माल उचलायला ज्या साखळ्या, हुक, तारांचे दोर लागतात ते तपासून द्यायचे, हे आमचं काम. मी क्वालिटीचा माणूस, कागद सांभाळणारा. फर्गल तपासनीस, आमच्याकडे येऊन दोनच वर्षं झालेला. बावीस वर्षं तो बहरीनमध्ये होता आणि पाय चालतील तोवर त्याला इथेच राहायचं होतं. “इथे मला कुणी ओळखत नाही,” तो म्हणायचा. “या देशाने मला दिलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.” ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटे. मला तर फारच वाटलं. ज्याला ओळखीची भीती वाटते त्याने काहीतरी केलेलं असणार, असं मी धरून चाललो.

त्याची काम करायची तऱ्हा मात्र बघत राहावी अशी होती. तारेच्या दोरात एखादी बारीक तार तुटली की ती डोळ्यांना दिसत नाही, आणि दोर मात्र तिथूनच जायला लागतो. फर्गल जुन्या बनियनची चिंधी मुठीत धरायचा आणि दोरावरून हळूहळू ओढत न्यायचा. नजर दुसरीकडेच, छताकडे. तुटकी तार आली की चिंधी अडकायची. तो थांबायचा, खडूने खूण करायचा आणि म्हणायचा, “इथे कुणीतरी गप्प बसलंय.” त्याने नापास केलेला दोर पास करून घ्यायची कुणाची छाती नव्हती. जनरल मॅनेजरचीही नाही.

पास झालेल्या सामानाला रंग लावायचा असतो. दर सहा महिन्यांनी वेगळा रंग, म्हणजे लांबूनच कळतं की हे तपासलेलं आहे. रंगांचा तक्ता मी करायचो. एका वर्षी मी हिरव्यानंतर नारिंगी लिहिला. तक्ता भिंतीवर लागून तासही झाला नसेल, फर्गल माझ्या टेबलाशी उभा.

“हिरव्याच्या पाठोपाठ नारिंगी नको, अवी. रंग बदलताना पंधरा दिवस दोन्ही रंग एकाच साखळीवर राहतात.”

“मग राहू देत की.”

“माझ्या गावात फुटपाथच्या दगडांनासुद्धा रंग होते. रंग बघून कळायचं की इथून पुढे आपण जायचं नाही. हिरवा आमचा, कॅथलिकांचा. नारिंगी त्यांचा, प्रॉटेस्टंटांचा.”

शेजारी आमचे स्टोअरकीपर हमीदभाई रंगाचे डबे मोजत होते. हमीदभाई दापोलीकडचे, तीस वर्षं बहरीनमध्ये. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला आणि आपल्या हिंदीत म्हणाले, “साब, हमारा भी सेम कलर है. हिरवा मेरा, भगवा इनका.” आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी आणि हमीदभाई नऊ वर्षं एका छताखाली होतो. या गोष्टीचा उल्लेख आम्ही कधी केला नव्हता. त्या दिवशी आम्ही तिघंही इतके हसलो की बाहेरचा वेल्डर आत डोकावून गेला.

“तुमचा झेंडा पाहिलाय मी,” फर्गल म्हणाला. “आमच्याही झेंड्यात मध्ये पांढरा आहे. दोघांत समेट म्हणून घातलेला. आणि मळतो सगळ्यात आधी तोच.” मग तक्त्यावर बोट ठेवून म्हणाला, “मध्ये पांढरा घाल.”

मी घातला. पण मनात एक नोंद केली. साखळीवरच्या रंगानेसुद्धा ज्याचा जीव खालीवर होतो, तो माणूस साधा नाही.

त्याच्याइतका तिखट कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. एकदा खरेदी विभागात पुण्याकडचे एक गृहस्थ नवीन आले. मी कँटीनमध्ये त्यांच्याशी बोलत होतो. आडनाव काय, गाव कुठलं, अच्छा, पण मूळचे कुठले? नेहमीचंच बोलणं, मराठीत. फर्गल समोर बसून करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा पीत होता. ते गृहस्थ उठून गेल्यावर म्हणाला, “तीन प्रश्न लागले तुला. आमच्याकडे दोनात होतं.”

“काय होतं?”

“तू आत्ता जे शोधून काढलंस ते. आमच्याकडे धर्म कुणी विचारत नाही, ते असभ्य. शाळा कुठली, एवढं विचारायचं. मग नाव. बास.” त्याने कप खाली ठेवला. “तुझा चेहरा दुसऱ्या प्रश्नानंतर सैल झाला. म्हणजे तो तुमच्यातलाच निघाला.”

मराठी न येणाऱ्या माणसाने मला उघडं पाडलं होतं. मी हसून वेळ मारून नेली, पण राग आला. तो राग मी कुठेतरी जपून ठेवला, हेही लिहायला हवं.

मी स्वतःहून त्याच्या देशाविषयी वाचायला लागलो. शाळेच्या इतिहासात आम्हाला आयरिश लोक म्हणजे आपले भाऊबंद असं शिकवलेलं. इंग्रजांशी लढलेले, फासावर गेलेले, आपल्या क्रांतिकारकांना स्फूर्ती देणारे. हे मी एकदा मोठ्या प्रेमाने त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग तू फासावर गेलेल्यांच्या बायकांना भेटलेला नाहीस.” आणि चिंधी घेऊन कामाला लागला. पुढे वाचलं तेव्हा कळलं की हे प्रकरण आमच्या धड्यात संपलं तिथे संपलेलं नव्हतं. त्याच्या उत्तरेकडच्या भागात ते त्याच्या तरुणपणीही चालू होतं. दुकानांत स्फोट, दारात गोळ्या, आणि गाड्यांखाली लावलेले बॉम्ब. गाड्यांखाली! मी लॅपटॉप बंद केला आणि खिडकीशी गेलो. गाड्यांखाली काय असू शकतं हे ज्याला इतकं नेमकं माहीत आहे, त्याला ते कुणी शिकवलं असेल?

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीतल्या देवळात जात असे. वाटेत चर्च लागायचं. आत केरळी, गोवेकर, फिलिपिनो यांची ही गर्दी, आणि फर्गल रस्त्याच्या पलीकडे भिंतीला पाठ टेकून उभा. आत जात नसे. प्रवचन संपून शेवटची प्रार्थना सुरू झाली की रस्ता ओलांडायचा, दाराशी अर्धं मिनिट मान खाली घालून उभा राहायचा आणि निघायचा. मी हेही दोन-तीनदा थांबून पाहिलं. गाडीकडे परत आला की आधी गाडीखाली बघायचा. कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, दुधाची बाटली घेऊन आला तरी बघायचा. गाडी नजरेआड झाली की बघायचं, हा त्याचा नियम.

गेल्या गणपतीत मी त्याला घरी बोलावलं. खरं सांगायचं तर पाहुणचारापेक्षा चौकशीच जास्त मनात होती. तो बूट काढून आत आला, बायकोने दिलेला मोदक बोटं भाजत खाल्ला. माझ्या मुलीने त्याला इंग्रजीत आरतीचा अर्थ सांगितला, तो त्याने मन लावून ऐकला. मग त्याचं लक्ष देवघराच्या वर गेलं. तिथे आमच्या आजोबांच्या वेळची, फासावर गेलेल्या क्रांतिकारकांची तसबीर आहे. गावाकडून इथवर आणलेली. गणपतीत तिलाही हार घालतो.

“हे कुठले देव?”

“देव नव्हेत. देशासाठी फाशी गेलेले.”

“पण हार आहे. उदबत्तीही.”

“हो, तशी पद्धत आहे आमच्या घरी.”

तो तसबिरीजवळ गेला. मग म्हणाला, “हीच भिंत. आमच्या घरी हीच भिंत होती, अवी.”

आणि तो बोलला. दोन वर्षांत पहिल्यांदाच. त्यांच्या स्वयंपाकघरात एका बाजूला येशूच्या हृदयाचं चित्र, त्याखाली विजेचा लाल दिवा. त्याच्या शेजारी इंग्रजांनी गोळ्या घातलेल्या क्रांतिकारकांची तसबीर. दिवा एकच, पण उजेड दोघांवर. संध्याकाळी आई सगळ्यांना गुडघ्यावर बसवून जपमाळ म्हणवून घ्यायची. वडील गोदीतले हमाल, डाव्या विचारांचे. पाद्र्याने एकदा भर चर्चमध्ये नाव न घेता त्यांना पाखंडी म्हटलेलं. ते जपमाळेच्या वेळी बाहेर अंगणात सिगारेट ओढत उभे राहायचे. जप संपला की आई आणखी काही प्रार्थना जोडायची. आजाऱ्यांसाठी, मेलेल्यांसाठी, आणि सगळ्यात शेवटी इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्या पोरांसाठी. त्या शेवटच्या प्रार्थनेला वडील सिगारेट विझवून आत यायचे आणि गुडघे टेकायचे.

“म्हणजे तुमची लढाई धर्माची की देशाची?” मी विचारलं.

“चळवळीतला कुणी मेला की शवपेटीवर झेंडा घालून मिरवणूक निघायची. चर्चच्या पायऱ्यांशी पाद्री उभा. म्हणायचा, झेंडा काढा, त्याशिवाय आत येऊ देणार नाही. मग दोन पोरं झेंड्याची घडी करून काखेत धरायची. पाऊण तास तो मुडदा देवाचा. बाहेर आला की त्याच पायरीवर परत झेंडा. मी लहान असताना मला वाटायचं, या पायरीवर नक्की कोण जिंकतं?” तो हसला. “तूच सांग, धर्माची की देशाची?”

“झेंडा काखेत कुणी धरला होता? तू?”

हा प्रश्न मी मुद्दामच टाकला. फर्गलने माझ्याकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाला, “मोदक फार छान होते,” आणि बूट घालायला वाकला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी जनरल मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस इंग्रज, बोलायला फार गोड. कंपनीला नौदलाच्या एका तळावरचं मोठं काम मिळालं होतं. यापुढे बहुतेक सगळी तपासणी तिथेच होणार. तिथल्या गेटपाससाठी अकरा जणांची नावं द्यायची होती.

“फर्गल तुझ्याच बिल्डिंगमध्ये राहतो ना?” तो सहज म्हणाला. “आम्ही तळाला कळवावं असं त्याच्याबद्दल काही आहे का?”

‘नाही’ म्हणायला मला किती वेळ लागला असता? मी सांगितलं. गाडीखाली बघतो. चर्चमध्ये जात नाही, बाहेर उभा राहतो. त्यांच्या घरात क्रांतिकारकांची तसबीर होती. शवपेटीवरच्या झेंड्याचा प्रश्न टाळला. माझ्या घरात, माझ्या गणपतीसमोर, मोदक खाऊन तो जे बोलला होता ते सगळं मी नीट क्रमाने सांगितलं. कागद सांभाळणाऱ्या माणसाची सवय.

साहेबाने काहीच लिहून घेतलं नाही. पेनाला टोपण घातलं आणि म्हणाला, “थँक यू, अविनाश. गुड मॅन.”

आणि मला बरं वाटलं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी बायको-मुलीसाठी कुनाफा ही अरबी मिठाई घेऊन गेलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पास आले ते दहा. फर्गलचा आला नाही. तळावर जाता येत नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे व्हिसा नाही. एक महिन्याची मुदत. फर्गलने कुणाला जाब विचारला नाही. फक्त स्टोअरमध्ये गेला आणि उरलेल्या सगळ्या दोरांवरून एकदा चिंधी फिरवून आला.

मी हमीदभाईंकडे गेलो. म्हटलं, फार वाईट झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शॅकलना, म्हणजे साखळ्या जोडायच्या लोखंडी कड्यांना, तेल लावत राहिले.

“करंदीकर साहेब, तुमी त्याला कधी विचारलंत, गाडीखाली काय बघतोस म्हणून?”

“नाही.”

“मी विचारलं. पयल्याच आठवड्यात. त्यानं सांगितलं. चहा पाजला नि सांगितलं.”

फर्गलचा एक थोरला भाऊ होता. बॉयलर दुरुस्त करायचा. काम कुठे मिळेल तिथे जायचा, आणि ते एकदा पोलिसांच्या ठाण्यात मिळालं. चळवळीचा हुकूम होता की ठाण्यात पाव पोचवणारा, नळ दुरुस्त करणारा, तोही शत्रूच. मग तो कॅथलिक असो, आपल्याच गल्लीतला असो. फर्गल तेव्हा एकोणीस-वीसचा. रविवारी चर्चच्या दाराबाहेर चळवळीचा पेपर विकायचा, कधी निरोप पोचवायचा. एका रविवारी प्रार्थना सुटल्यावर ओळखीचा एक जण जवळ आला, पेपर घेतला आणि सहज म्हणाला, “भाऊ दिसत नाही हल्ली. कुठे काम करतो?”

“आनि ह्यानं सांगितलं,” हमीदभाई म्हणाले. “आठवड्यानं भावाच्या गाडीखाली बॉम्ब फुटला. आपल्याच मान्सांनी लावलेला. त्या पायरीवर पाद्र्याला झेंडा काढायला सांगावंच लागलं नाय. झेंडा नव्हताच.”

मी विचारलं,

“त्याला माहीत होतं का, विचारणारा कशासाठी विचारतोय ते?”

“हाच सवाल मी त्याला केला. म्हनाला, हमीद, चाळीस वर्सं मी स्वतःला हेच विचारतोय.” मग पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. “तुमाला माहीत होतं का, साहेब?”

म्हणजे त्यांना कळलं होतं. कसं, ते मी विचारलं नाही. चहावाल्याने केबिनबाहेरून ऐकलं असेल, किंवा माझ्या तोंडावरच लिहिलेलं असेल. मी संशय घेतला तो अगदीच पोकळ नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं. तो त्यांच्यातला होताच एके काळी. पेपर विकत होता. निरोप कसले पोचवले, कोण जाणे. आजही मला वाटतं, हमीदभाईंनाही त्याने सगळं सांगितलं नसेल. पण या विचाराने घशातलं ते हलत नाही. उलट माझा संशय जितका खरा ठरतो, तितके मी आणि फर्गल एकाच बाकावर येऊन बसतो.

विमान दुपारचं होतं. त्याची गाडी विकली गेली होती. “मी सोडतो,” मी म्हटलं. तो चालेल म्हणाला. एक बॅग आणि पुठ्ठा घातलेली ती पिशवी. पुलावरून जाताना उजवीकडे समुद्र हिरवट दिसत होता.

“फर्गल, मला तुला काही सांगायचंय.”

“नको.”

“पण…”

“तू सांगितलंस की मला माफ करावं लागेल. ते काम पाद्र्यांचं. त्यांच्याकडून मी बरंच काही काढून घेतलं, हे काम मात्र त्यांच्याकडेच ठेवलं.” मग तो म्हणाला, “तुला प्रश्न कसा विचारला? सहज ना?”

“सहज.”

“सहजच विचारतात.”

घरी कुणाकडे जाणार, मी विचारलं. तो म्हणाला, भावजय अजून त्याच घरात आहे. दार उघडेल की नाही माहीत नाही. भिंतीवर दोन्ही तसबिरी अजून असतील का, तेही माहीत नाही. दार उघडलं तर आधी ते बघेन.

विमानतळावर मी गाडी कडेला लावली. ट्रॉली जवळ नव्हती, म्हणून आम्ही दोघं दारापर्यंत जाऊन ती घेऊन आलो. दोन मिनिटं गेली असतील. त्याने बॅग ट्रॉलीवर चढवली. मी हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. क्षणभर मला वाटलं, हेच बरोबर आहे, एवढं तरी त्याने करावंच.

मग त्याने पिशवीतून पुठ्ठा काढला. फुटपाथलगत, टॅक्सीवाले आणि पोलीस बघत असताना, माझ्या गाडीशेजारी टाकला. आधी एक गुडघा, मग दुसरा. तळहात. गाल खाली. पुढून बघितलं, मागे गेला, तिथून बघितलं, मग वळसा घालून रस्त्याच्या बाजूने. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. “यल्ला, यल्ला!” पोलीस ओरडला. फर्गलने घाई केली नाही.

उठला, गुडघे झटकले आणि माझ्या गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली.

“बस आत,” तो म्हणाला. “काही नाही.”